तीन डॉलरचा चौकोन

अमेरिकेत प्राप्तिकराचा १०४० नंबरचा फॉर्म भरताना पहिल्याच पानावर, नाव-पत्त्याच्या आसपास, एक बारकासा चौकोन लागतो. त्यावर खूण केली की सरकारी तिजोरीतले तीन डॉलर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी ठेवलेल्या निधीत जातात. त्याने तुमचा कर वाढत नाही आणि रिफंडही कमी होत नाही. नवरा-बायकोने एकत्र फॉर्म भरला तर चौकोन दोन, एक याचा आणि एक तिचा.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९९६च्या एप्रिलमध्ये. सांगलीहून न्यू जर्सीत येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, पासपोर्टवर एच-वन व्हिसाचा शिक्का होता आणि मताचा हक्क कुठेच दिसत नव्हता. तरी मी खूण केली. जिथे मला मत नाही तिथल्या निवडणुकीत माझे तीन डॉलर असणार, या कल्पनेचीच मला गंमत वाटली. बायकोने तिचा चौकोन रिकामा ठेवला. "आपल्याला जिथे कुणी विचारत नाही, तिथे वर्गणी कसली द्यायची?" गणपतीच्या वर्गणीचीसुद्धा ती पावती मागून घेते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

या निधीमागचा विचार साधा होता. वॉटरगेटच्या चिखलातून बाहेर पडताना अमेरिकेने असं ठरवलं की राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराने अंतिम लढतीत धनिकांच्या दारात जाऊ नये, लोकांच्या पैशावर लढावं. सरकारी पैसा घेतलास तर खर्चाची मर्यादा पाळायची आणि खाजगी देणग्या घ्यायच्या नाहीत, अशी अट. १९७६ पासून २००४ पर्यंत दोन्ही मोठ्या पक्षांच्या प्रत्येक उमेदवाराने अंतिम लढतीसाठी हा पैसा घेतला. कार्टर, रेगन, दोन्ही बुश, क्लिंटन, गोर, केरी, सगळ्यांनी.

२००६मध्ये मी अमेरिकेचा नागरिक झालो. भारताचा पासपोर्ट परत करताना पोटात कालवलं, पण तो वेगळा विषय. माझं राष्ट्राध्यक्षपदाचं पहिलं मत २००८चं. आणि ज्याच्यावर मी ते आधीपासून ओवाळून टाकलं होतं, त्या उमेदवाराने १९ जून २००८ रोजी जाहीर केलं की तो सरकारी निधी घेणार नाही. म्हणजे बारा वर्षं मी केलेल्या खुणा त्याला नको होत्या.

बायको हिलरी क्लिंटन यांच्या बाजूची. संध्याकाळी बातम्या लागल्या तेव्हा पोळ्या लाटता लाटता तिने एवढंच विचारलं, "अहो, तुमच्या बाब्याला तुमचे तीन डॉलर नकोत म्हणे?"

बराक ओबामा मला का आवडले, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. ऑक्टोबर २००२मध्ये, इलिनॉयच्या विधिमंडळातला एक साधा सदस्य असताना, शिकागोच्या फेडरल प्लाझात उभं राहून त्यांनी इराकवरच्या युद्धाला विरोध केला होता. त्याच महिन्यात हिलरींनी सिनेटमध्ये त्या युद्धाच्या बाजूने मत दिलं. पुढे २००४च्या जुलैमध्ये बॉस्टनच्या अधिवेशनातलं त्यांचं भाषण आम्ही सोफ्याच्या कडेवर बसून ऐकलं. केनियाच्या बापाचा, कॅन्ससच्या आईचा, विचित्र नावाचा मुलगा या देशात काय होऊ शकतो, हे ऐकताना माझ्यासारख्या माणसाला, ज्याचं आडनाव इथल्या कुठल्याही रिसेप्शनिस्टला धड उच्चारता येत नाही, काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. इथे एक कबुली देतो. आपल्याला ज्याच्यात स्वतःचा अंश दिसतो, त्याच्याबद्दल शंका घ्यायला आपण उशीर करतो.

पहिली पाल खरं तर एक वर्ष आधीच चुकचुकली होती. जून २००७मध्ये ओबामांच्या मोहिमेने पत्रकारांना गुपचूप दिलेलं एक टिपण बाहेर आलं. त्यात हिलरींच्या नावापुढे, त्या जणू पंजाबच्या सिनेटर आहेत, असं कंसात छापलं होतं. क्लिंटन दांपत्याचे भारताशी असलेले आर्थिक संबंध दाखवून देणं हा हेतू. पंजाबवरून हिलरींनी स्वतः पूर्वी कधी विनोद केला होता, त्याचा हा उलटा वार. इथल्या भारतीयांत बरीच खळबळ माजली. ओबामांनी ती मूर्खपणाची चूक असल्याचं कबूल केलं, आणि मी लगेच शांत झालो. वास्तविक न्यू जर्सीतल्या भारतीयाने इतक्या पटकन शांत व्हायला नको होतं. १९८७मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाच्या टोळक्याने कपाळावरच्या कुंकवावरून आमच्या माणसांना मारलं होतं. ती हकिगत आम्हाला इथे आल्या आल्या जुन्या मंडळींनी सांगितली होती. 'हे बाहेरचे लोक आपली नोकरी नेतात' हा सूर कुठून कुठे जातो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण टिपण आमच्या उमेदवाराच्या कचेरीतून आलं होतं. दुसऱ्याच्या कचेरीतून आलं असतं तर मी महिनाभर गर्जना केल्या असत्या.

आता जून २००८कडे. सरकारी निधी नाकारणं यात एवढं काय, असं आजच्या वाचकाला वाटेल. म्हणून थोडा तपशील. फेब्रुवारी २००७मध्ये ओबामांनीच फेडरल इलेक्शन कमिशनला विचारणा केली होती: आधी खाजगी देणग्या गोळा केल्या आणि नंतर सरकारी निधी घ्यायचं ठरवलं, तर त्या देणग्या परत करता येतील का? कमिशनने परवानगी दिली. म्हणजे हा दरवाजा त्यांनी स्वतः ठोठावून उघडून घेतला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस एका प्रश्नावलीला त्यांनी लेखी उत्तर दिलं की रिपब्लिकन उमेदवाराशी करार करून अंतिम लढत सरकारी निधीवरच व्हावी यासाठी आपण नेटाने प्रयत्न करू. हा मुद्दा त्यांच्या राजकारणाच्या कडेला लोंबणारा नव्हता. पैशाने राजकारण नासलं आहे आणि ते मी बदलीन, हे त्यांच्या मोहिमेचं घोषवाक्यच म्हणायला हवं. हिलरींनी माघार घेतली ७ जूनला. बाराच दिवसांत व्हिडिओवरून निरोप आला: ही व्यवस्था मोडकळीला आली आहे, आमचे विरोधक तिच्यातल्या पळवाटा वापरण्यात तरबेज आहेत, सबब आम्ही तिच्यातून बाहेर पडत आहोत.

रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी निधी घेतला. त्यांना मिळाले ८ कोटी ४१ लाख डॉलर. ओबामांनी एकट्या सप्टेंबर महिन्यात १५ कोटींच्या वर गोळा केले आणि सगळी मोहीम मिळून सुमारे ७५ कोटी.

मग आमच्यातल्या समर्थकांनी युक्तिवाद शोधला, आणि तो मीसुद्धा पाठ केला. हा पैसा धनिकांचा नाहीच, तो लाखो सामान्यांच्या पाच-दहा डॉलरांचा आहे. म्हणजे लोकांनीच उभा केलेला, सरकारीपेक्षाही शुद्ध असा सार्वजनिक निधी. ऐकायला मोठं गोड होतं. मीही त्या लाखोंतलाच. क्रेडिट कार्डावरून पन्नास-पन्नास डॉलर पाच वेळा दिले, दर वेळी एखादं भाषण ऐकून, दर वेळी बायकोला न सांगता. निवडणुकीनंतर देणग्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी हिशोब मांडला तेव्हा कळलं की ज्यांची एकूण देणगी दोनशे डॉलरांच्या आत राहिली, त्यांचा वाटा ओबामांच्या पैशात साधारण चौथा हिस्सा होता. २००४मध्ये बुश यांच्या बाबतीतही तो जवळपास तेवढाच होता. माझी गंमत अशी की अडीचशे दिल्यामुळे मी स्वतः छोट्या देणगीदारांच्या रकान्यात बसलोच नाही. फरक इतकाच की बुशच्या देणगीदारांना आपण क्रांती करतोय असं कुणी सांगितलं नव्हतं.

राजकारणात एवढं चालायचंच, असं म्हणणारे मित्र मला भेटले आणि त्यांचं मला पटतही होतं. हातात बंदूक असताना काठीने लढणारा उमेदवार मला हवा होता का? नव्हता. आठ वर्षांच्या बुश राजवटीनंतर जिंकणं ही माझ्या लेखी चैन नव्हती. पण दोन गोष्टी मनातून जाईनात.

पहिली ही. उमेदवार सत्तेत आल्यावर काय करील हे मतदाराला दिसत नाही. दिसतात ती फक्त वचनं. आणि वचनांच्या ढिगात एकच गोष्ट अशी असते की जी वचन नसून कृती असते: त्याची मोहीम. माणसं कशी निवडतो, पैसा कसा उभा करतो, चूक झाली की कुणावर ढकलतो, नियम सोयीचा नसला की काय करतो. राज्यकारभाराची ती रंगीत तालीम आहे. आपल्याकडे स्थळ पाहताना मुलाचा पगार विचारतात, पण शहाणी आजी तो वेटरशी कसा बोलतो हे बघते. मोहिमेविषयीची शंका किरकोळ आहे, खरी शंका धोरणांविषयी घ्यावी, असं सांगणारे पुष्कळ भेटले. माझं मत उलट आहे. धोरणं बदलायला संसद लागते, परिस्थिती लागते, पैसा लागतो. मोहीम उमेदवाराच्या पूर्ण ताब्यात असते. तिथे तो जे करतो ते त्याला करायचं असतं म्हणूनच करतो.

दुसरी गोष्ट, हा बदल कुणासाठी झाला? लोकमत फिरलं म्हणून पुढारी फिरला तर त्यात लोकशाहीला लाज वाटण्यासारखं काही नाही. पण सरकारी निधी सोडा, असं ओबामांना कुठल्याही मतदाराने सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी नियमाची किंमत स्वतःला मोजावी लागेल असं दिसलं, त्या दिवशी नियम मोडकळीला आलेला दिसू लागला. बदलाचा फायदा एकाच माणसाला झाला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २० जूनला, दुसरा धक्का. याचा संबंध माझ्या आईशी आहे.

डिसेंबर २००५मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केलं होतं की ९/११ नंतर बुश सरकार न्यायालयाच्या वॉरंटशिवाय लोकांचे परदेशांशी होणारे फोन चोरून ऐकत आहे, आणि त्याला टेलिफोन कंपन्यांची साथ आहे. मी त्या काळी दर रविवारी सकाळी कॉलिंग कार्डाचे दहा-बारा आकडे दाबून सांगलीला फोन करायचो. आईशी बोलणं म्हणजे गुडघे, पाऊस, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण. हे कुणी ऐकलं तर ऐको बापडा, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण ज्याचं निम्मं कुटुंब समुद्रापलीकडे आहे, त्याचा प्रत्येक फोन या पाळतीच्या तोंडाशी होता. ओहायोतल्या शेतकऱ्याचा नव्हता. कंपन्यांवर खटले भरले गेले. त्यांना मागाहून संरक्षण द्यायचा घाट काँग्रेसमध्ये घातला गेला, तेव्हा ऑक्टोबर २००७मध्ये ओबामांच्या प्रवक्त्याने सांगितलं होतं की असं संरक्षण देणारं कुठलंही विधेयक अडवण्यासाठी ते फिलिबस्टरला पाठिंबा देतील. फिलिबस्टर म्हणजे सिनेटमध्ये चर्चा संपूच न देता विधेयक रोखून धरणं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरी तोंडावर होत्या, डेमोक्रॅट कार्यकर्ते खूश झाले, आणि मीही.

२० जून २००८ रोजी प्रतिनिधिगृहाने असं संरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं आणि त्याच दिवशी ओबामांनी त्याला पाठिंबा जाहीर केला. ९ जुलैला सिनेटमध्ये मतदान झालं. संरक्षणाचं कलम काढून टाकण्याच्या दुरुस्तीच्या बाजूने त्यांनी मत दिलं, ती पडली. मग चर्चा थांबवण्याच्या बाजूने आणि शेवटी सबंध विधेयकाच्या बाजूने. ६९ विरुद्ध २८. विरोधात मत देणाऱ्यांत हिलरी क्लिंटन होत्या. पुढे ज्यांना ओबामांनी उपाध्यक्षपदासाठी निवडलं ते जो बायडेनही होते. बायको त्या संध्याकाळी काही बोलली नाही, आणि ते जास्त लागलं.

न्यायाने बोलायचं तर त्या उन्हाळ्यात माझ्या मनात आलेल्या सगळ्याच शंका खऱ्या नव्हत्या. त्याच पंधरवड्यात मुलांवरच्या बलात्काराला फाशी देता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ओबामांना पटला नाही. धार्मिक संस्थांमार्फत समाजकार्याला सरकारी पैसा द्यायची बुश यांची योजना ते वाढवायला निघाले. वर्तमानपत्रं लिहू लागली की हे मध्याकडे सरकताहेत, आणि मीही कपाळाला हात लावला. पण अत्यंत हीन गुन्ह्यांना फाशी असावी, हे त्यांनी आपल्या पुस्तकात आधीच लिहून ठेवलं होतं. चर्चच्या तळघरांत बसूनच त्यांनी शिकागोत लोकसंघटनेचं काम केलं होतं. ते सरकले नव्हते, मीच त्यांना नीट वाचलं नव्हतं. एका भाषणावर भाळून मी माझ्या मनातला उमेदवार त्यांच्या अंगावर बेतला आणि बाही तोकडी झाली म्हणून त्यांच्यावर रागावलो. आवडत्या उमेदवाराविषयी शंका येते तेव्हा आधी हा निवाडा करावा लागतो, की तो बदलला की माझा अंदाज चुकला. माझ्या मोजणीत त्या उन्हाळ्यातल्या बहुतेक शंका दुसऱ्या गटात गेल्या. निधी आणि फोन, या दोन पहिल्या गटात उरल्या. तिथून त्या हलल्या नाहीत.

मग मी बोललो का नाही? याचं उत्तर बाहेरच्या आरोपांत आहे. ओबामा मुसलमान आहेत, त्यांचं मधलं नाव हुसेन आहे, ते कोटाला झेंड्याची पिन लावत नाहीत, त्यांचे पाद्री जेरेमाया राइट देशाला शिव्या देतात. वसंतापासून हे रोज. राइट प्रकरणावर त्यांनी १८ मार्चला फिलाडेल्फियात वंशभेदावर जे भाषण दिलं, ते मी अजूनही अमेरिकन राजकारणातल्या मोजक्या प्रामाणिक भाषणांत धरतो. पण या माऱ्याचा एक परिणाम माझ्या तेव्हा लक्षात आला नाही. खोट्या आरोपांना उत्तरं देता देता माणसाला खऱ्याही आरोपांना उत्तरं द्यायची सवय लागते. ऑफिसातला कुणी झेंड्याच्या पिनेवरून बोलला की मी तुटून पडायचो. त्याच आवेशात, त्याच जेवणाच्या टेबलावर, निधी नाकारण्याचंही समर्थन करून मोकळा व्हायचो. कंपू पडले की शंका घेणारा फितूर ठरतो. विरोधकांनी माझं तोंड बंद केलं नाही, त्यांनी ते भलत्याच कामाला लावलं.

आता मताचा प्रश्न. इथे मला सांगलीची आठवण येते. १९८९ आणि १९९१ला मी तिथे लोकसभेसाठी शिक्का मारला होता. तिकीट कुणाला द्यायचं ते दिल्लीत किंवा मुंबईत ठरायचं. आपल्यासमोर यायची ती शिजवून वाढलेली पत्रावळ. उमेदवार नालायक निघाला तर पक्षश्रेष्ठींना दोन शिव्या हासडून मोकळं होता येत होतं. अमेरिकेत प्रायमरी नावाची सोय आहे: तिकीट द्यायच्या कामात सामान्य मतदारही हात लावतो. ५ फेब्रुवारीला न्यू जर्सीच्या प्रायमरीत हिलरी ५४ विरुद्ध ४४ टक्क्यांनी जिंकल्या, पण प्रतिनिधी प्रमाणात वाटले जातात, म्हणजे माझं मत कुठेतरी जमेला धरलंच गेलं. तिकीट मीच दिलं होतं. शिव्या हासडायला श्रेष्ठी म्हणून आरसाच उरला.

शंकेला बाजारभाव असतो तो तेव्हा, तिकीट मिळण्याआधी. तेव्हा उमेदवाराला माझ्याशिवाय गत्यंतर नसतं, कारण माझ्यासमोर दुसरा बरा पर्याय असतो. म्हणून तर ऑक्टोबर २००७मध्ये फिलिबस्टरचं वचन मिळालं. जून उजाडला की माझी शंका नुसती सदसद्विवेकबुद्धी होते. तिला घाबरण्याचं कारण कुणाला उरत नाही. दगडापेक्षा वीट मऊ, हे मतदाराला ठाऊक असतं आणि विटेलाही ठाऊक असतं.

राहता राहिला तिसऱ्याला मत देण्याचा मार्ग. २०००मध्ये फ्लोरिडात राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं पडली आणि बुश तिथे ५३७ मतांनी जिंकले, ही भीती प्रत्येक डेमोक्रॅटच्या उशाशी असते. पण मी फ्लोरिडात राहत नव्हतो. न्यू जर्सी १९९२ पासून सतत डेमोक्रॅट. इथली पंधराच्या पंधरा इलेक्टोरल मतं ओबामांनाच जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी कुणालाही मत दिलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. निषेध अगदी फुकटात होत होता. तरी ४ नोव्हेंबरला, शाळेच्या व्यायामशाळेतल्या रांगेत पाऊण तास उभं राहून, मी ओबामांनाच मत दिलं. आदल्याच आठवड्यात, २९ ऑक्टोबरला, तीन मोठ्या वाहिन्यांवर एकाच वेळी त्यांची अर्ध्या तासाची जाहिरात लागली होती. मर्यादा नाकारून उभ्या केलेल्या पैशातूनच ती विकत घेतली आहे, हे मला माहीत होतं. आणि ती बघताना माझे डोळे ओले झाले, हेही खरं. फुकटचा निषेध मी का केला नाही? ज्याची काहीच किंमत द्यावी लागत नाही, अशा निषेधातून मला स्वतःचं कौतुक करून घेण्यापलीकडे काय मिळणार होतं, हे उमगेना. त्या मतामुळे न निधी वाचला असता, न आईचा फोन.

मत देण्यात माझी चूक झाली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. चूक झाली ती ५ नोव्हेंबरला.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांचं १९७०चं एक छोटं पुस्तक आहे, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. दुकान बिघडलं तर गिऱ्हाईक दोन गोष्टी करू शकतं: दुसऱ्या दुकानात जाणं किंवा काउंटरवर भांडणं. पक्षांबद्दल लिहिताना हर्शमन यांनी एक प्रचलित समजूत उलटी केली. ज्याला जायला दुसरी जागा नाही तो मतदार हतबल, असं सगळे म्हणत. हर्शमन म्हणतात, ज्याला बाहेर पडता येत नाही त्यालाच आत राहून आवाज करायची सगळ्यात जास्त निकड असते. म्हणजे जून २००८ नंतर माझ्याजवळ होता तो आवाजच. त्याची चुणूक दिसलीही होती. फोनच्या कायद्यावर ओबामांनी घूमजाव केल्यावर त्यांच्याच प्रचाराच्या संकेतस्थळावर समर्थकांनी निषेधाचा गट काढला. बघता बघता वीस हजारांच्या वर माणसं जमली. ३ जुलैला उमेदवाराला लेखी उत्तर द्यावं लागलं. भूमिका बदलली नाही, पण उत्तर द्यावं लागलं. मीही त्या गटात नाव घातलं होतं. मग नोव्हेंबर आला, आम्ही जिंकलो, इथल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर मिठाई वाटली, आणि आम्ही सगळे घरी गेलो.

आमच्या भाषेत याला तयार शब्द आहेत: पदरी पडलं, पवित्र झालं. मत दिल्याने शंका मिटली, असं आम्ही धरलं. वास्तविक मताने शंकेचं उत्तर मिळत नाही. मताने फक्त एवढं ठरतं, की ती शंका आता कुणाच्या दारात नेऊन ठेवायची. त्या दारापर्यंत आम्ही गेलोच नाही. २००९च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने टेलिफोन कंपन्यांवरचे खटले, ज्या कायद्याला ओबामांनी मत दिलं होतं त्याच्याच आधारे, फेटाळले. आमच्या घरात त्यावर एक वाक्यही बोललं गेलं नाही. व्हाइट हाउसमध्ये बुश असते तर आम्ही वॉशिंग्टनची बस पकडली असती.

जून २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेनने सरकारी पाळतीची गुप्त कागदपत्रं फोडली. 'प्रिझम' नावाच्या योजनेत अमेरिकन इंटरनेट कंपन्यांकडून परदेशी लोकांचे संदेश गोळा होत होते, आणि तिचा कायदेशीर पाया होता कलम ७०२, म्हणजे ९ जुलै २००८ला सिनेटने मंजूर केलेला तोच कायदा. तोवर आई गेली होती. तिचे रविवारचे फोन कुठल्या गोदामात पडले होते की नव्हते, हे मला कधीच कळणार नाही. गुडघे, पाऊस, बाळंतपण. मला राग आला आणि पुढच्याच क्षणी लाज वाटली, कारण हा राग पाच वर्षं शिळा होता.

उशिरा बोललेल्या शंकेचं आणखी मोठं उदाहरण अलीकडचं. बायडेन यांच्या वयाविषयी डेमोक्रॅट मतदारांच्या मनात काय आहे, हे २०२३पासून दिसत होतं. माझ्या ओळखीत एक घर असं नव्हतं जिथे जेवणानंतर तो विषय निघाला नाही. पण निघायचा तो हळू आवाजात, कारण समोर ट्रम्प होते. प्रायमरी झाल्या त्या नावापुरत्या. २७ जून २०२४च्या रात्री अटलांटातल्या वादसभेत जे दीड वर्ष कुजबुजत होतं ते नव्वद मिनिटांत साऱ्या देशाने पाहिलं, आणि २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. मतदारांनी नवा उमेदवार निवडायला वेळच उरला नव्हता. "ट्रम्पला फायदा होईल म्हणून गप्प बसलो" असं म्हणणाऱ्यांनी शेवटी कुणाला फायदा करून दिला, याचा हिशोब त्यांनीच करावा. त्यांच्यात मीही आहे, म्हणून जरा जपूनच म्हणतो.

आणि तो निधी? मॅकेन हे अंतिम लढतीसाठी सरकारी पैसा घेणारे आजवरचे शेवटचे मोठे उमेदवार ठरले. २०१२मध्ये ओबामा आणि त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी दोघांनीही तो नाकारला, त्यानंतर मोठ्या पक्षांच्या कुठल्याही उमेदवाराने अंतिम लढतीसाठी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळा दोष ओबामांचा नाही. २०१०च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने अफाट खाजगी पैशाला वाट करून दिलीच असती. शिवाय चौकोनावर खूण करणारे करदाते १९८०च्या सुमारास चारात एकाहून जास्त होते, ते २००८पर्यंत दहा टक्क्यांच्याही खाली आले होते. म्हणजे बायकोसारखी माणसं आधीपासूनच बहुमतात होती. पण मोडक्या भिंतीलाही कुणीतरी शेवटचा धक्का देतो, आणि तो माझ्या माणसाने दिला.

चौकोन मात्र अजून आहे. अंतिम लढतीत कुणीही न घेणाऱ्या पैशासाठी सरकार दर वर्षी विचारत राहतं. आता फॉर्म कॉम्प्युटरवर भरतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये तिथे 'नको' आधीच निवडलेलं येतं. मी मागे जाऊन ते बदलतो. परवा ते करताना बायको मागे चहाचा कप घेऊन उभी होती.

"अहो, हे तीन डॉलर नेमके कुणाला जातात आता?"

"कुणालाच नाही."

"मग?"

मी तिच्या चौकोनावर बाण नेला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही. पुढचं पान उघडलं.